खोलातून आलेला हिरवा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. ॲरिझोनात, सॅन कार्लोसच्या अपाची जमातीच्या मुलांच्या शाळेत, खिडकीपाशी माझी जागा आहे. दिसायला मी हिरव्या खडीसाखरेसारखा, पण उचलायला दोन्ही हात लागतात.

माझा जन्म पन्नास किलोमीटर खोल, भूकवचाच्याही खाली, प्रावरणात झाला. तिथला खडक लालभडक तापलेला, तरी घट्ट. आणि घट्ट असूनही नखं वाढावीत इतक्या सावकाश सरकणारा. त्याच्या हजारो किलोमीटर खाली वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. समुद्राच्या मधोमध लोखंडाचाच गोळा, भयंकर तापलेला, पण चहूबाजूंच्या दाबाने घट्टच राहिलेला. तिथवर मीही कधी गेलो नाही.

लाखो वर्षांपूर्वी लाव्हारस वर उसळला. त्याने मला तोडून सोबत आणलं आणि टेकडीच्या काळ्या खडकात सोडलं.

तिथून मला ओर्लिंडाबाईंनी पहारीने सोडवलं. चाळीस वर्षं त्या दागिन्यांत बसवायचे हिरवे खडे खणत होत्या. त्यांचा भाऊ डेल्मर याने मला फोडून खडे काढायला लगेच घण उचलला.

"मामा, थांब!" ओर्लिंडाबाईंची मुलगी ट्वायला ओरडली. ती भूगर्भशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती.

"का? आता दगडाची परवानगी काढायची?"

ट्वायलाने माझा सगळा प्रवास सांगितला. ओर्लिंडाबाईंनी हातमोजे काढले आणि तळवा माझ्यावर ठेवला.

"इतक्या खालून?" त्या पुटपुटल्या. "आणि मी आजवर फोडतच आले गं!"

"ताई, आठवडाभर खणून हा एकच हाती लागलाय," डेल्मर काकुळतीला आला.

बाईंनी स्वतःच छिन्नी घेतली. एका घावात माझे दोन तुकडे झाले. मोठा खडा असलेला तुकडा डेल्मरला मिळाला. तो खडा अंगठीत बसायला गेला; मी शाळेत आलो.

सुरुवातीला मुलं मला हातोहात फिरवत. पुढे कुणी माझ्यावर ओला रुमाल वाळत घालू लागलं, कुणी कुंडी ठेवू लागलं. मित्रांनो, खाली मी युगानुयुगं हिरवागार होतो. इथली हवा आणि पाणी मला सोसत नाही. माझ्या कडा तपकिरी होऊन झडू लागल्या आहेत.

परवा ओर्लिंडाबाई शाळेत आल्या. त्यांनी कुंडी उचलली, डोक्याच्या रुमालाने मला पुसलं आणि मुलांना म्हणाल्या, "पोरांनो, याला कोरडं ठेवा. हा पृथ्वीच्या पोटातून आलाय, आपल्यापैकी कुणालाच तिथे जाता येणार नाही. तिथून आपल्याकडे आलेला पाहुणा आहे हा."