ओतलेली भीती

नजर उतरवायला हायरियाने पळीतलं वितळलेलं शिसं परातीतल्या पाण्यात ओतलं. चर्रर्र झालं, तशी लाल फडक्याखाली बसलेली सहा वर्षांची मेर्का दचकली. दोन्ही मुठी तिने पोटात खुपसल्या होत्या. दाबलं की तेवढाच आराम.

"कुणाची नजर?" झुम्रा, पोरीची आई, पुटपुटली. "नाव सांग, मावशी."

पोरीचा बाप सालको दारात रॉकेलचा डबा घेऊन उभा होता. नाव त्याने केव्हाच पक्कं केलं होतं: टेकडीवरची एकटी म्हातारी जूला. हिवाळाभर सगळ्या गावाच्या पोटात पीळ पडत होता, आणि तिला साधी करपट ढेकर नाही.

"घोडीसारखी डोंगर चढते थेरडी, आणि आम्ही इथे कण्हतोय!" तो म्हणाला. "आणखी काय पुरावा हवा?"

"ती खाते काय?" हायरियाने विचारलं.

"खाणार काय भिकारडी! चक्कीचं दळण परवडतंय तिला? घरच्या जात्यावर मका भरडते."

हायरियाने पाण्यातून थिजलेलं शिसं काढलं. वाटोळं, मधोमध भोक. महिन्याभरात नऊ जणांचं ओतलं, नऊही वेळा हेच. लोक म्हणाले, डोळा. तीही म्हणाली, डोळा. गावाला कारण नको असतं, माणूस हवा असतो. तो एकटा असला तर सोन्याहून पिवळं.

आज तिला तो डोळा दिसेना. चक्कीचा दगड दिसला.

सुगीत तिचा भाऊ रासिम आला होता, ओढ्यावरच्या पाणचक्कीचा मालक. "ताई, चक्कीच्या दगडातलं लोखंड खिळखिळं झालंय. तुझं जुनं शिसं दे, ओतून बसवतो."

तीस वर्षांचं शिसं होतं ते. गावाची भीती त्यात उतरवलेली: पिसाळलेल्या कुत्र्याची, पुराची, लढाईची. ते द्रिना नदीच्या धारेत सोडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. तिने ठेवलं होतं.

"दगडाला कसली भीती?" रासिम हसला होता. आणि तिने गाडगंभर शिसं दिलं होतं.

झुम्राने पोरीच्या हातात चक्कीच्या पिठाच्या पावाचा तुकडा दिला. "खा गं राणी, अंगात जीव येईल."

हायरियाने तो काढून घेतला. मेर्काचा ओठ उचलून पाहिला. हिरड्यांच्या कडेला काळीनिळी रेघ, बोटाने पुसली तरी जाईना. शिसं पोटात गेलं की उमटते ती. मग ती परातीवर वाकली. पाणी आता स्थिर झालं होतं. तिने स्वतःचा ओठ उचलला.

तीच रेघ.

"मावशी, नाव?"

"डबा खाली ठेव, सालको. घण आण."

"जूलाकडे घण कशाला?"

"जूलाकडे नाही." तिने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "माझ्या भावाच्या चक्कीवर. चल, मी पुढे होते."

कुणीच हललं नाही. खाली ओढ्यावर चक्की दळतच होती.