परीसबुवांचा हातगुण

सोमवारी सकाळी सव्वानऊला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चाळीसेक माणसं श्वास रोखून उभी होती आणि त्यांतलं एकही काम करत नव्हतं. खिडकीपलीकडे रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठ्या हातात धरून ताटकळत होते. खिडकीअलीकडे रक्त तपासणाऱ्या मुली, दोन डॉक्टर, शिपाई, सफाईच्या मावशी, असे सगळे एका काचेच्या खोलीकडे टक लावून बघत होते. त्या खोलीत रुग्णालयाचा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर होता. त्याच्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकवून, डोळे मिटून एक गृहस्थ उभे होते.

"श्श!" शिपायाने मला दटावलं. मी नुसती खाकरले होते.

"काय चाललंय हे?"

"सर मशीनशी बोलताहेत."

मी तीस वर्षं तंत्रशाळेत संगणक शिकवला. मशीनशी बोलायला कीबोर्ड असतो, हे मी पहिल्याच तासाला सांगत असे. पण इथे एम.डी. झालेली माणसं हात जोडून उभी होती, तेव्हा माझं कोण ऐकणार!

गृहस्थांनी डोळे उघडले. "सगळ्यांनी पाठ फिरवा," ते म्हणाले. सगळ्यांनी आज्ञाधारकपणे पाठ फिरवली. कीबोर्डचा खडखडाट झाला, एक दीर्घ उसासा ऐकू आला आणि छपाईयंत्र घरघरू लागलं. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

हा सोहळा गेले तेरा सोमवार चालू होता. दर सोमवारी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायची इथली पद्धत. तो सुरू व्हायचा, पण रक्ताचे अहवाल तयार करणारा प्रोग्राम काही केल्या उठत नसे. तो उठायचा फक्त या गृहस्थांच्या हाताने. ते बाहेरचे सल्लागार. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांना यंत्रांची भाषा कळते, असं इथे सर्वमान्य झालं होतं. लोक त्यांना सर म्हणत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव परीसबुवा ठेवलं.

बुवा कुठेही कुणाला नाडोत, मी सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. पण हा बुवा माझ्या भाचीच्या वाटेला गेला होता.

भाची या प्रयोगशाळेत सहा वर्षं नोंदणीचं काम बघते. सोमवारी प्रोग्राम सुरू करणं हे तिचंच काम होतं आणि बुवा येईपर्यंत ते कधी अडलं नव्हतं. बुवांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली आणि तेव्हापासून तिच्या टेबलावरून तो सुरू होईना. चौथ्या सोमवारी तिने बुवांना साधा प्रश्न विचारला: "सर, तुम्ही नक्की काय टाइप करता? मी वहीत लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला दर वेळी यावं लागणार नाही."

पुढच्याच सोमवारी बुवांना तिच्या हातात दोष सापडला.

"काही हात यंत्राला सोसत नाहीत," ते मोठ्या डॉक्टरांना म्हणाले होते. मोठे डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. "मुलगी चांगली आहे हो. पण तिच्या हाताची कंपनं उलटी आहेत." आणि मग त्यांनी पुरावाही दिला. काचेच्या खोलीत स्वतः बसून सगळी तयारी केली, मग मोठ्या डॉक्टरांना आपल्या खुर्चीत बसवलं, आपला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि शेवटचं बटण त्यांना दाबायला लावलं. प्रोग्राम सुरू! मग भाचीला तिच्या टेबलावरून तीच आज्ञा द्यायला लावली. प्रोग्राम ठप्प! डॉक्टरांचा हात चांगला, भाचीचा वाईट, हे चाळीस जणांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. शंकेला जागाच उरली नाही.

त्या दिवसापासून मुली तिच्या टेबलावरचा पेनसुद्धा उचलेनात. रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. आपले हात उलटेसुलटे करून बघत होती.

"आत्या, उद्या मला तळघरात पाठवताहेत. जुन्या फायली लावायला. पत्र तयार आहे, फक्त सही राहिलीये," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मलाही वाटायला लागलंय की माझ्याच हातात काहीतरी आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नोकरी जाते, दुसरी मिळते. पण धडधाकट, हुशार मुलगी स्वतःच्या हातांना घाबरायला लागते, हे मी कुणाच्याही बापाचं सहन करणार नव्हते.

"तुझ्या पडद्यावर काय येतं?" मी विचारलं.

तिने वही काढली. तेरा सोमवार, तेरा नोंदी, सगळ्या एकसारख्या. सामायिक लायब्ररी उघडता आली नाही, अशी फाईल सापडत नाही. आणि पुढे त्या फाईलचं पूर्ण नाव.

"हे सरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, तो यंत्राचा रुसवा आहे, वाचायचा नसतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. यंत्र बिचारं तेरा आठवडे घसा फोडून सांगत होतं, मला अमुक नावाची वस्तू सापडत नाही. आणि चाळीस शिकलेली माणसं त्याचा रुसवा काढायला बुवा आणत होती!

म्हणून सोमवारी मी तिथे गेले होते. टाळ्या थांबल्यावर मी पुढे झाले. मोठ्या डॉक्टरांच्या हातात ते पत्र होतं आणि त्यांनी पेनचं टोपणही काढलं होतं.

"डॉक्टर, मी हिची आत्या. सही जरूर करा, पण आधी एक प्रयोग करू या. तुमच्याच शिस्तीचा. नवं औषध तपासताना तुम्ही दोन गटांत एकच फरक ठेवता ना?"

"अर्थात."

"मग इथे दोन फरक का ठेवलेत? तुम्ही बटण दाबलंत ते सरांच्या खुर्चीत, सरांनी उघडलेल्या पडद्यावर. हिने दाबलं ते हिच्या टेबलावर, हिच्या नावाने उघडलेल्या पडद्यावर. हात बदलला तशी जागाही बदलली. दोष हाताचा की जागेचा, हे कळणार कसं?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण पुन्हा लावलं. माणूस भाबडा होता, मूर्ख नव्हता.

"प्रोग्राम दोन मिनिटं थांबवा," मी म्हटलं. "हिला सरांच्या खुर्चीत बसू दे."

"अहो, अनर्थ होईल!" परीसबुवा ओरडले. "या खोलीचं क्षेत्र मी तेरा आठवडे शुद्ध ठेवलंय. तिच्या कंपनांनी यंत्र कायमचं बसेल!"

"बसलं तर तुम्ही उठवा. तुमचा हात आहे ना?" मी म्हटलं.

खिडकीपलीकडून एक म्हातारे गृहस्थ खेकसले, "काय ते लवकर करा की! माझी सून ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि तुमची कंपनं काय घेऊन बसलात!"

त्या हशात भाची आत गेली. तिने प्रोग्राम थांबवला, पुन्हा सुरू करायची आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं.

प्रोग्राम सुरू झाला.

कुणी टाळी वाजवली नाही. भाचीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

बुवा सावरले. या जातीचे लोक फार चटकन सावरतात. "पाहिलंत? माझ्या कृपेचा प्रभाव अजून खोलीत आहे. तिच्या दोषावर मात केली त्याने!"

"वा! मग तो प्रभाव घेऊन जरा बाहेर या. हिच्या टेबलावर बसा आणि तुमच्या हाताने सुरू करा."

"मी असल्या परीक्षा देत नाही."

"सर, बसा," मोठे डॉक्टर म्हणाले. आवाज पूर्वीचा नव्हता.

बुवा बसले. तळवे टेबलावर टेकवले, डोळे मिटले, ओठ हलवले. पाठ फिरवा म्हणाले, पण या वेळी कुणीच फिरवली नाही. भाचीने आत पुन्हा प्रोग्राम थांबवला. बुवांनी बटण दाबलं आणि भाचीच्या वहीतली तीच ओळ पडद्यावर उमटली. सामायिक लायब्ररी उघडता आली नाही.

"खुर्ची..." बुवा पुटपुटले, "खुर्ची तिची आहे ना..."

"आता खुर्चीलाही कंपनं आली का?" सफाईच्या मावशी मागून म्हणाल्या. "रोज मी पुसते ती, मला कधी नाही लागली!"

मग मी मोठ्या डॉक्टरांना दोन्ही पडद्यांवर एकच छोटी आज्ञा द्यायला लावली. हा सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो; तिथे या आज्ञेचं नाव एलडीडी. प्रोग्रामला कुठकुठल्या लायब्ररी लागतात आणि त्या कुठे सापडल्या, याची ती यादी देते. बुवांची विद्या एवढ्याशा आज्ञेपुढे टिकली नाही.

"इमारतीत शिडी एकच असते," मी सगळ्यांना सांगितलं. "दिवा बदलणारा तीच नेतो, रंगारी तीच नेतो. ती ठरलेल्या जागी ठेवतात, म्हणून सगळ्यांना सापडते. संगणकातही तसंच. प्रोग्राम सगळं सामान स्वतःबरोबर आणत नाहीत. काही फायली सामायिक असतात आणि ठरलेल्या फोल्डरात असतात. त्यांनाच सामायिक लायब्ररी म्हणतात. हिच्या पडद्यावर बघा. एका नावापुढे लिहिलंय, सापडली नाही. आता आतला बघा."

आतल्या यादीत त्याच नावापुढे पत्ता होता. तो पत्ता परीसबुवांच्या स्वतःच्या खात्यातल्या एका लपवलेल्या फोल्डराचा होता. त्यांच्या नावाने पडदा उघडला की आपोआप चालणाऱ्या फाईलमध्ये एक ओळ होती: लायब्ररी या फोल्डरात शोध. बुवा आत शिरले की यंत्राला पत्ता कळे. मग त्या पडद्यावर बटण मोठ्या डॉक्टरांनी दाबो, नाहीतर मांजराने. बाकी कुणाच्याही नावाने शिरलं की पत्ताच नाही.

"असेल, चुकून राहिलं असेल," बुवा दाराकडे सरकत म्हणाले.

संगणक दिलेल्या आज्ञांची आठवण ठेवतो. बुवांच्या खात्यातली ती यादी भाचीने उघडली आणि वर वर जात एका ओळीवर बोट ठेवलं. ती फाईल ठरलेल्या जागेवरून उचलून लपवलेल्या फोल्डरात हलवण्याची आज्ञा बुवांनी स्वतः दिली होती. सर्व्हरच्या प्रशासकाचा अधिकार वापरून! हातगुणाची सगळी विद्या ती एवढीच. शिडी आपल्या कपाटात कोंडायची आणि शिडी मागणाऱ्या मुलीला पांढऱ्या पायाची ठरवायचं.

मी आजवर बरेच ढोंगी पाहिले, पण आजारी माणसांचे अहवाल अडवून दैवी होणारा हा पहिलाच. त्याला दाराशी शिपायाने अडवलं. तोच शिपाई, मघाशी मला श्श करणारा.

मोठ्या डॉक्टरांनी कपाटातलं बंद पाकीट फोडून प्रशासकाचा परवलीचा शब्द काढला. भाचीने फाईल तिच्या जागी परत ठेवली, लायब्ररींची नोंद ताजी करणारी आज्ञा दिली आणि आपल्या टेबलावर आली. बटण दाबलं. छपाईयंत्र घरघरलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या सुनेचा अहवाल पहिल्या फेरीतच बाहेर आला.

डॉक्टरांनी पत्र टराटरा फाडलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाही!

"बघितलंत?" एक रक्त तपासणारी मुलगी म्हणाली. "खरा हात हिचाच! ए, माझ्या त्या यंत्राला पण जरा हात लाव ना, सकाळपासून अडतंय."

आणि मोठे डॉक्टर, एवढं सगळं बघून झाल्यावर, हसत म्हणाले, "खरंच हो, गुण आहे पोरीच्या हाताला. यापुढे दर सोमवारी तूच सुरू कर."

मी तोंड उघडणार होते. मला बरंच काही बोलायचं होतं आणि ते गोड नव्हतं. पण भाची माझ्या आधी उठली.

"मावशी, इकडे या," ती सफाईच्या मावशींना म्हणाली. तिने प्रोग्राम थांबवला आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. "हे बटण दाबा."

"अगं, माझे हात ओले आहेत. आणि मला यातलं काय कळतं?"

"पुसा आणि दाबा."

मावशींनी पदराला हात पुसले आणि एका बोटाने बटण दाबलं. प्रोग्राम सुरू झाला. मग तिने शिपायाला बसवलं. नंतर त्या मुलीला, आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांना, खांद्यावर कुणाचाही हात नसताना. प्रत्येक वेळी सुरू झाला. डॉक्टर उठले तेव्हा त्यांचं हसू मावळलं होतं आणि ते आपल्या तळहाताकडे बघत होते.

वाचकहो, कुणी म्हणालं की हे फक्त माझ्याच हाताने होतं, तर टाळ्या वाजवू नका. त्याची खुर्ची बदला. यंत्र, शरीर, निसर्ग, सगळे आपलं म्हणणं सांगत असतात. ते वाचायचे कष्ट घ्या. जो वाचू नका म्हणतो, त्याच्यावर पहिला संशय घ्या.

भाचीने वहीचं एक पान फाडून त्यावर सगळ्या पायऱ्या लिहिल्या आणि ते टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलं. वर ठळक अक्षरांत मथळा दिला: 'कोणीही.' मग खिडकीपलीकडून पुढची चिठ्ठी घ्यायला तिने हात पुढे केला.