सुनेचा तांब्या तडकला

मुंबईसाठी लढणाऱ्या समितीच्या सभेलाही जमत नसे एवढी गर्दी त्या सकाळी डिलाईल रोडच्या चाळीत धुनीबाबापुढे जमली होती. घरातली पीडा सासूची की सुनेची हे ठरवायला रात्रभर अंगाऱ्यात ठेवलेले दोन पितळी तांबे त्याने पेटीतून काढले. सासू गंगुबाईचा जुना तांब्या शाबूत. सून कांताने रुखवतात आणलेला कोरा तांब्या मात्र कोणी हात न लावता उभा तडकलेला!

"पितळ खोटं बोलत नाय, माई! सून पांढऱ्या पायाची. माहेरी धाडा, नायतर घर बसलंच समजा!"

सासूने कांताची ट्रंक दारात आणून ठेवली. कांता रडत बसणाऱ्यातली नव्हती. तांब्या घेऊन ती समितीच्या खोलीत गेली. तिथे सभेसाठी आलेले दादरचे माधवराव, धातुशास्त्राचे प्राध्यापक, रिकाम्या सतरंजीकडे बघत बसले होते.

"पेटीला कल्हईवाल्याच्या भट्टीसारखा उग्र वास येत होता," ती म्हणाली. "बाबा म्हणतो, पीडा निघतेय."

"पीडा कसली? अंगाऱ्यात नवसागर आणि ओला चुना कालवलाय, त्याची ही वाफ!"

त्यांनी त्याच दुकानातून तसेच तीन तांबे आणवले. एकाच्या गळ्याचं कडं कापून त्याला करवतीने एक चीर दिली. कड्याची तोंडं आपोआप फाकली. माधवरावांनी फट पट्टीने मोजली.

"जेवढी फट, तेवढा आत अडकलेला ताण. यंत्रात थंड पितळ दाबून तांब्या काढतात ना, वहिनी, त्याचा हा ताण. अशा पितळेला नवसागराची वाफ लागली की ते चिरतं."

"मग आत्याबाईंचा कसा वाचला?"

"कल्हई केव्हा लावता?"

"दर दिवाळीला." कांता थबकली. "म्हणजे दर वेळी तो भट्टीवर तापतो!"

"आणि ताण निघून जातो."

कांताने एक तांब्या शेगडीवर चांगला तापवला, निवू दिला, चिंचेने लखलखीत घासला. संध्याकाळी ती बाबापुढे उभी राहिली. "पुन्हा परीक्षा घ्या. दोघींचे कोरे तांबे."

बाबा खुशीत हसला. दोन्ही तडकणार, दोघींकडून दक्षिणा!

सकाळी पेटी उघडली. कांताचा शाबूत, गंगुबाईचा तडकलेला. 

"अगो बाय, म्हणजे गंगुबाईच पांढऱ्या पायाची!" शेजारची शेवंती ओरडली. गंगुबाईने दारातल्या ट्रंकेकडे पाहिलं.

"खबरदार!" कांता कडाडली. "त्या नाहीत आणि मीही नाही. मी माझा तांब्या तापवला होता, एवढंच!" तिने सगळ्यांसमोर नवसागरात ओला चुना कालवला. तोच उग्र वास उठला आणि पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला पदर लावले. बाबाने झोळी गुंडाळली.

"मुंबईसाठी लाठ्या खायला निघता, आणि पितळेच्या एका चिरेवर सून घराबाहेर काढता? भांडं तडकलं तर का तडकलं ते विचारा. कळत नसेल तर कळेपर्यंत विचारा. पण बाईच्या माथी मारू नका!"