बापानं जुळवलेलं पान

तीन वर्षांत सहा कथा पाठवल्या आणि सहाही सुखरूप घरी परत आल्या. लेखकराव हे नाव त्याला खालच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं ठेवलेलं, आणि त्यात कौतुक कमी, टवाळीच जास्त. गिरणीच्या वर एकच खोली, राहणारे दोघं, हा आणि बाप. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, अक्षर वाकडं व्हायचं, कागदावर पीठ बसायचं. सकाळी शिकवण्या, दुपारी लिहिणं, दोन सदरे आणि त्यातला एक कायम दोरीवर. जेवण एक वेळ. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं हो! पोटातून वसूल होतं, एवढंच.

सहावी कथा परत देताना मासिकाचा संपादक म्हणाला, "भाषा बरी आहे रे तुझी. पण रक्त नाही त्यात. घरातलं लिही काहीतरी. दुखेल असं."

घरात दुखेल असं एकच होतं. लेखकराव दहा वर्षांचा असताना आई तापानं गेली. शेजारणीनं बापाला निरोप धाडला होता, तरी बाप उजाडल्यावर आला. तोवर सगळं संपलं होतं. कुठं होता, हे बापानं कधी सांगितलं नाही आणि यानं कधी विचारलं नाही. चाळीतल्या बायका कुजबुजायच्या, पत्ते कुटत बसला होता मेला. लेखकरावानं ती कुजबुज उचलली आणि सातवी कथा लिहिली. तिच्यात बाप बाजूच्या गल्लीत पत्ते पिसत बसतो, सकाळी येतो, बायकोच्या अंगावर वाकतो आणि खिशातून बदामाचा राजा खाली पडतो. खाली नाव मात्र खोटं घातलं.

संपादकानं ती उभ्या उभ्या वाचली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "बस." पुढच्या अंकात घेतो म्हणाला. पोरगा तरंगतच घरी आला.

आठवड्यानं बाप छापखान्यातून आला. बाप जुळारी, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. तीस वर्षं तेच काम. रॉकेलनं बोटं पुसत तो म्हणाला, "तुझ्या त्या मासिकाच्या छापखान्याचं यंत्र बिघडलंय. अंक आमच्याकडे आलाय जुळवायला."

लेखकरावाच्या तोंडचं पाणी पळालं. नाव खोटं होतं, पण अक्षर? लोकांची अक्षरं लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला पोटच्या पोराचं अक्षर ओळखू येणार नाही?

दुसऱ्या दिवशी तो संपादकाकडे धावला. "साहेब, ती कथा परत द्या. पुन्हा लिहायचीय."

"खुशाल ने," संपादक मान वर न करता म्हणाला. "पण मग आठवी घेऊन हा जिना चढू नकोस."

इकडे आड, तिकडे विहीर. पोरगा रिकाम्या हातानं जिना उतरला. उतरताना त्यानं स्वतःची समजूतही काढली. बापच नेहमी म्हणायचा, "आम्ही अक्षरं वाचतो, मजकूर नाही. मजकूर वाचत बसलो तर पान कधी संपायचं?" बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ही काडी तर बापानंच दिलेली.

पुढचे चार दिवस घरात काहीच घडलं नाही. बाप यायचा, बोटं पुसायचा, भात शिजवायचा, निम्मा याच्या ताटात वाढायचा.

पाचव्या दिवशी संपादकानं प्रूफ तपासायला बोलावलं. ओला वास असलेला कागद, आणि त्यावर आपली वाक्यं छापलेली. पोरगा सगळं विसरून वाचत सुटला. एक चूक नव्हती. तिसऱ्या पानावर मात्र तो थबकला. पत्त्यांचं वाक्य तिथं नव्हतं. त्या जागी तीन वाक्यं होती, आणि ती त्यानं लिहिली नव्हती.

'तो छापखान्यात एका कवीच्या पुस्तकाचं शेवटचं पान जुळवत होता. निरोप त्याला पोचला होता. पान संपवून निघतो, असं तो म्हणाला.'

तीस वर्षांत बापानं कुणाचा स्वल्पविराम हलवला नव्हता. पोरग्यानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग त्याला ती सकाळ आठवली. आईचे डोळे मिटणारी बोटं शाईनं काळी होती. पत्ते कुटून आलेल्या माणसाचे हात काळे कसे होतील? हे त्यानं दहाव्या वर्षी पाहिलं होतं आणि कुणी सांगितलं म्हणून गिळून टाकलं होतं.

बाप स्वतःला वाचवत नव्हता, हे तर फारच वाईट. वाचवायचं असतं तर निरोप पोचलाच नाही, असं जुळवलं असतं. त्यानं तेरा वर्षं दाबून ठेवलेलं खरं काय ते सांगितलं होतं, आणि तेही त्याच हातांनी, त्याच खिळ्यांनी.

संपादक डोकावला. "हे काय? जुळाऱ्याला डुलकी लागली वाटतं. खोड आणि मूळचं घाल. संध्याकाळी पानं बंद होतायत."

ती वाक्यं ठेवायची तर बदामाचा राजा पडणार कुठून? शेवटच कोसळत होता. कथा या अंकातून गेली असती, आणि संपादकाचा स्वभाव बघता कायमची गेली असती. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. ती तीन वाक्यं त्याच्या अख्ख्या कथेपेक्षा सरस होती, हे त्याला कळलं आणि सोसलं नाही. त्याला स्वतःची किळस आली. तरी हात थांबला नाही. त्यानं तिन्ही वाक्यांवर रेघ मारली, समासात पत्त्यांचं वाक्य नीट, वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

दुरुस्तीचा तो कागद संध्याकाळी छापखान्यात कुणाच्या हातात पडणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

अंक निघाला. कथेचं नाव झालं. गिरणीवाल्यानंही वाचली म्हणे. त्या दिवशी बाप घरी आला, भात शिजवला, वाढला. जेवण झाल्यावर त्यानं आपलं अंथरूण गुंडाळलं, दोरीवरचा आपला सदरा काढला.

"मालक म्हणालेत, छापखान्याच्या मागच्या खोलीत झोपलो तरी चालेल," तो म्हणाला. "तुला इथं लिहायला जागा होईल."

"बाबा," पोरगा म्हणाला.

बाप दारात जरा थांबला. "पान मीच जुळवलं, तू लिहिलंस तसं," तो म्हणाला. "शेवट चांगला झालाय."

आणि अंथरूण काखेत मारून तो गिरणीच्या जिन्यानं खाली उतरला.