अर्पिताच्या मणक्यातली मी

मी एक अँटिसेन्स आरएनए बोलतेय. नाव जड आहे, काम सोपं. आपल्या जोडीच्या आरएनएला चिकटायचं आणि सोडायचं नाही.

मला कारखान्यात एकेक अक्षर जोडून घडवलं. कुपीतून निघाले ती सुईतून थेट अंबडच्या दीड वर्षाच्या अर्पिताच्या मणक्यात. पोरगी रडली, पण मान उचलली नाही. मान धरायचं बळच नव्हतं तिच्यात.

तिच्या नसांच्या पेशीत नसांना जगवणारं प्रथिन बनवायचा निरोप नेणारा एक लांबलचक आरएनए आहे. त्यातला कामाचा तुकडाच बहुतेक वेळा कापून फेकला जायचा. 'काप' म्हणणारी खूण त्याच्याच अंगावर. मला तिथं बसायचं होतं.

तो काही सरळ पसरलेला नसतो. जागोजागी गुंडाळलेला, स्वतःलाच चिकटलेला. मोकळी जागा चाचपत फिरले. माझी अक्षरं त्याच्या उलट्या क्रमानं. त्याच्या ए समोर माझा यू, जी समोर सी. चार जुळली आणि पाचवं अडलं, की सुटायचं, पुढं जायचं. अर्पिताची आई दैवशाला ब्लाउज शिवते, तिला हे बराबर कळेल. एक हूक चुकला की सगळी पट्टी वाकडी. खरी जागा सापडली, पहिली अक्षरं बसली, मंग बाकीची भराभर लागली. खूण झाकली. 'काप' सांगणारी प्रथिनं आली, त्यांना टेकायला जागाच नव्हती. तुकडा वाचला, नसांना जगवणारं प्रथिन पुरतं बनू लागलं. माझ्या लाखो बहिणींनी हेच केलं.

घरात मात्र कुणाला काही दिसेना. दिसेल कसं? आजी झुंबरबाईनं, दैवशालाच्या सासूनं, पोरीला चारी बाजूंनी टेकू लावलेले. माया होती, पण आंधळी.

दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी आष्टीहून झुंबरबाईचा भाऊ रामराव आला. लेकराला उगंच टोचून राह्यले, आता बस करा, म्हणाला. अर्पिताचा बाप अंगदही हो हो करू लागला.

रामराव भिंतीला टेकला, तसा झुंबरबाईनं सवयीनं नातीच्या पाठीमागचा तक्क्या ओढून भावाला दिला. पाव्हण्याला तक्क्या द्यायचाच, मंग तो भांडायला का येईना.

पोरगी डुलली. पडली न्हाई. मान सावरून रामरावच्या टोपीकडं बघत बसली.

झुंबरबाई उशी घेऊन धावली, तर दैवशालानं हात धरला.

"राहू द्या, आत्याबाई. बसू द्या तिला." मंग रामरावकडं वळून म्हणाली, "बरं झालं आले, मामा. तुमच्याबिगर तक्क्या कुणी काढला असता?"

रामरावनं टोपी काढून पोरीच्या हातात दिली. "अंगद," तो म्हणाला, "उद्या सुईला जायची गाडी कवा हाय रे?"

मी काही कायमची न्हाई. झिजत चाललेय. मी गेले की ती खूण पुन्हा उघडी पडणार. उद्याच्या सुईतून दुसऱ्या येतील. त्यांना वेळेवर येऊ द्या. माझी जागा रिकामी ठेवू नका.