वाघदऱ्यातली बेनंबरी झाडं

बीडच्या अदालतीत सुंदरराव एकतीस वर्षं नक्कलनवीस होते. मूळ कागदावरून नक्कल उतरवायची, खाली सही करायची, पुढचा कागद ओढायचा. त्यातले निम्मे कागद आबकारीचे, म्हणजे दारू-शिंदीच्या खात्याचे. सरकारी नंबर ठोकलेल्या झाडाचीच शिंदी उतरवायची, नंबर नसलेल्या झाडाला मडकं बांधलं की गुन्हा, असा निजाम सरकारचा कायदा होता. 'मौजे वाघदरा, नाल्याच्या पूर्वेस, शिंदीचे दरख्त सतरा, त्यापैकी सहा बेनंबरी.' अशा ओळी त्यांनी उर्दूत इतक्यांदा लिहिल्या होत्या की बालाघाटातली कितीतरी गावं त्यांच्या हाताला पाठ होती. डोळ्यांनी त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं.

नोकरी संपून वजिफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाला त्या वर्षी, औरंगाबादेला बदलून जाणाऱ्या एका मुन्सफाची जुनी सायकल त्यांनी घेतली. खंडोबाच्या माळावर दोन महिने शिकले. गुडघे फोडून घेतले. मार्गशीर्षात एक दिवस बायकोला म्हणाले, "आठ दिवस डोंगरात फिरून येतो."

"कुणाकडं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"कुणाकडं नाही. नुसतं फिरून."

"पण काम काय?"

"काम काहीच नाही."

रुक्मिणीबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "कुणी विचारलं तर कायतरी काम सांगत जा. उगं हसं होईल."

सुंदररावांनी ते कानाआड केलं. त्यांच्या मनात सगळं ठरलेलं होतं. घाई करायची नाही. वाटलं तिथं उतरायचं, ओढ्याकाठी बसायचं. पहाटे शिंदीच्या बनात जाऊन झाडावरून नुकतीच उतरवलेली, अजून न आंबलेली गोड नीरा प्यायची. जिच्यापायी एवढे कागद काळे केले ती लागते तरी कशी, हे एकदा बघायचं होतं.

मांजरसुंब्याच्या घाटातच पहिला दिवस गेला. चढ लागला की उतरायचं आणि सायकल ढकलायची, कारण बसून पायच फिरत नव्हते. उतार लागला की पुन्हा उतरायचं, कारण ब्रेकचा भरवसा नव्हता. मागून आलेला एक गाडीवान शेजारून पुढं गेला. त्यानं वळून सायकलीकडं कीव आल्यागत पाहिलं.

"मालक, टाका तिला गाडीत. लई थकलेली दिसती."

"ती नाही थकली, मी थकलोय," सुंदरराव म्हणाले.

"मग तुमी बसा. ती येईल मागून."

घाटमाथ्यावर बाभळीचा काटा मागच्या चाकात घुसला. तो काढून, ट्यूब चिकटवून अर्धा कोस गेले तोच पुढच्या चाकात दुसरा. तिन्हीसांजेला ते खिंडवाडीत पोचले तेव्हा कुत्री आधी आली, गाव मागून.

पाटील अर्जुनराव स्वतः सामोरे आले. चावडीत घोंगडी अंथरली, पाय धुवायला पाणी दिलं. "हुजूर कोणत्या खात्याचे?"

"कोणत्याच नाही. मी आपला फिरायला आलोय."

"असं कसं," अर्जुनराव सायकलीकडं बघत हसले. "पायगाडी सरकारीच दिसती. बंधाऱ्याचं बघायला आलात का? आमी तीनदा अर्ज केलता."

सुंदररावांनी समजावून सांगितलं. अर्जुनरावांनी मान डोलावली आणि सकाळी त्यांना फुटका बंधारा दाखवायला नेलं. बंधाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. तो कसा फुटला, कोणाचं रान वाहून गेलं, आधीचा साहेब काय म्हणाला होता, हे ऐकता ऐकता दुपार झाली. 'मी काहीच करू शकत नाही,' असं सुंदरराव दर थोड्या वेळानं सांगत होते. त्यावर लोक मान हलवत. मोठे साहेब असंच बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं.

निघताना त्यांनी पाटलांना हळूच विचारलं, "इथं ताजी शिंदी मिळेल का?"

चावडीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "शिंदी?" अर्जुनराव म्हणाले. "न्हाई हुजूर. आमच्या गावात कुणाला तिचा वाससुद्धा ठाव न्हाई." त्यांच्या मागं कट्ट्यावर एक जण शिंदी पिऊन तोंड उघडं टाकून झोपला होता.

पुढच्या दोन दिवसांत तेच झालं. एका वस्तीवर पायगाडी दिसताच बायकांनी दारं लावून घेतली. एका ओढ्याशी त्यांना लांबून झाडावर माणूस दिसला. ते जवळ पोचेपर्यंत माणूस नव्हता, मडकी नव्हती, झाडाच्या खाचेतून तेवढा रस ठिबकत होता. सुंदरराव त्या झाडाखाली उभे राहिले. बोट लावून चाखावं असं वाटलं, पण खाच दोन पुरुष उंचावर होती. दशम्या संपल्या होत्या. लोक त्यांना जेवायला घालत, पण ताटासमोर एखादी तक्रार घेऊन कुणीतरी बसलेलंच असे. आपण कोणी नाही, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. सांगावं तितकं लोक जास्त घाबरत होते. पाचव्या दिवशी पहाटे थंडीत सायकल ढकलताना ते स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले होते.

अशा अवस्थेत सूर्य उगवता उगवता ते वाघदऱ्यात उतरले. नाला तोच, पूर्वेचा काठ तोच. झाडं त्यांनी मोजली नाहीत, पण कागदावरची जागा अशीच असणार हे त्यांना कळलं. काठावर एक बाई बसली होती. पुढ्यात तीन मडकी, वर फडकी बांधलेली. ही भिवराबाई. तिचा नवरा आश्रुबा मागच्या झाडावर, कमरेला दोर टाकून चौथं मडकं सोडवत होता. तो सुंदररावांना दिसला नाही.

भिवराबाई पळाली नाही. पळायला उशीर झाला होता. ती उभी राहिली, पदर सारखा केला.

"राम राम, बाई," सुंदरराव म्हणाले. "जरा प्यायला देता का यातली?"

"कोन्त्या खात्याचे तुमी?"

"कोणत्या नाही. मी फिरायला आलोय."

"इकडं कोन फिराया येतंय? खरं सांगा ना, साहेब."

"खरंच सांगतोय."

"हितली वाट कुनी दाखवली?"

"कुणी नाही. मला माहीत होती. पूर्वेच्या काठाला सतरा झाडं आहेत, त्यातली सहा—" सुंदरराव बोलून गेले आणि थांबले. भिवराबाईच्या तोंडाचा रंग उतरला होता.

"म्हंजी आबकारीचेच हायेत," ती म्हणाली. "मग सरळ सांगा की. कावून खेळवायलेत गरिबाला?"

चार दिवसांचं सगळं सुंदररावांच्या डोक्यात चढलं. त्यांनी सायकल दगडावर आपटली. "हो! आबकारीचा आहे!" ते ओरडले. "आहे मी आबकारीचा! झालं समाधान?"

भिवराबाईनं एका क्षणात तिन्ही मडकी पायानं कलंडली. पांढरा रस खडकावरून नाल्यात वाहत गेला. वर झाडावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला, मग दोर सुटला आणि आश्रुबा हातातल्या मडक्यासकट खाली आला.

झाड फार उंच नव्हतं. पण तो दगडावर पडला होता. उजवा पाय घोट्यातून भलतीकडं वळला होता. भिवराबाई धावली. आश्रुबा ओरडला नाही. दात आवळून त्यानं सुंदररावांपुढं हात जोडले. "साहेब, पहिलीच बारी हाय. बायकोला धरू नका."

सुंदरराव त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले. "पाय हलवू नका," एवढंच ते म्हणाले. "जवळ कोण आहे हाड बसवणारं?"

"पाटोद्याला केसरबाई," भिवराबाई म्हणाली. "दीड कोस."

पुढचा दीड कोस सुंदरराव उभ्या आयुष्यात विसरले नाहीत. आश्रुबाला सीटवर बसवलं. एका बाजूनं त्यांनी सायकल धरली, दुसऱ्या बाजूनं भिवराबाईनं नवऱ्याला. चाक खड्ड्यात गेलं की आश्रुबाच्या घशातून बारीक आवाज निघायचा. वाटेत त्यानं दोनदा विचारलं, "साहेब, ठान्यात नेताव का?" दोन्ही वेळा सुंदरराव 'नाही' म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यानं ते मानलं नाही. पाटोद्याला बाजाराचा दिवस होता. पायगाडीवर माणूस धरून आणलेला बघताच लोक बाजूला झाले. एका म्हाताऱ्यानं "कशात सापडला रं?" असं विचारलं. आश्रुबानं मान खाली घातली. सुंदररावांना भर रस्त्यात ओरडून सांगावंसं वाटलं, पण काय ओरडावं ते सुचेना. मागचं ओरडणंच अजून अंगावर होतं.

केसरबाईनं अंगणात बाज ओढली. घोटा चाचपला, आश्रुबाच्या तोंडात फडकं कोंबलं आणि एका झटक्यात हाड ओढून बसवलं. मग बांबूच्या कामट्या बांधता बांधता तिनं विचारलं, "कसा पडला?"

"पाय घसरला," भिवराबाई घाईनं म्हणाली आणि तिनं सुंदररावांकडं चोरून पाहिलं.

"घसरला नाही," सुंदरराव म्हणाले. "माझ्यामुळं पडला. मी आबकारीचा नाही, बाई. कुठलाच नाही. अदालतीत नकला उतरवत होतो, ते कामही सुटलं. वाघदऱ्याचं मला कागदावरून ठाऊक. तुम्ही सारखं विचारत होता, मला राग आला, म्हणून तसं बोललो."

भिवराबाई हळूहळू उठली. सकाळपासून ती साहेबाशी बोलत होती. आता तिचा आवाज बदलला.

"हाकिम न्हाईत तुमी?"

"नाही."

"मग कावून म्हनलात?"

"सांगितलं ना. राग आला."

"राग आला!" ती म्हणाली. "हाकिमानं पाडलं असतं तर आमी म्हनलो असतो, त्याचं कामच हाय ते. तुमचं तर ते काम बी न्हाई. घरी खायाला हाय, बसायला पायगाडी हाय, आन आमच्या दऱ्यात येऊन राग काढला. कडुसं पडून अंधार होईस्तोर झाडावर चढनारा मानूस हाय ह्यो. आता दोन म्हैनं कोन चढंल? तुमी चढता?"

चार दिवस सुंदररावांना वाटत होतं की जग आपलं ऐकत नाही. आता एका बाईनं ऐकलं होतं, आणि तोंड वर करायची सोय राहिली नव्हती.

"केसरबाईच्या पैशाचं मी बघतो," ते शेवटी म्हणाले. "आणखी काय करू, सांगा."

"काय येतं तुमाला?"

"लिहिता येतं."

भिवराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आश्रुबानं बाजेवरून मान हलवली. ती खाली बसली. "मग लिवा. ती सहा झाडं आमाला नंबरात पायजेत. पळायचं, सांडायचं पुरे झालं. सरकारला समजंल असं लिवा."

बाजारातून कागद आणि दौत आणून सुंदरराव केसरबाईच्या ओट्यावर अर्ज लिहायला बसले. सवयीनं त्यांनी मायना लांबलचक उर्दूत सुरू केला आणि मराठीतून वाचून दाखवला. भिवराबाईनं हात आडवा केला. "हे 'नाचीज' कोन?"

"तुम्ही. म्हणजे क्षुल्लक माणूस. तसं लिहायची रीत आहे."

"काढा ते. ह्यांचं नाव लिवा, माझं लिवा. झाडं आमच्या आज्यापासनं आमीच राखलीत, ते लिवा. पुराच्या साली दोन वाहून जात हुती, ती दोर टाकून वाचवली, ते बी."

"इतकं अर्जात कुणी लिहीत नाही, बाई."

"मग कशाला लिवायचा?"

त्यांनी लिहिलं. तीन वेळा फाडून लिहिलं. एकतीस वर्षांत त्यांना एका कागदाला इतका वेळ लागला नव्हता. दिवस मावळायच्या आत त्यांनी आश्रुबाचा अंगठा उठवला आणि दुसऱ्या सकाळी फिरणं सोडून सरळ बीडची वाट धरली.

अर्ज त्यांनी स्वतः आबकारीच्या कचेरीत दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला, कारण नाल्याचं नाव नव्हतं. नाव घालून दिला. मग साहेब दौऱ्यावर होते. मग कारकून बदलला आणि कागद सापडेना. सुंदररावांनी पुन्हा लिहिला. दर सोमवारी ते सायकलवर कचेरीत जात आणि लाल तोंडानं परत येत. एकदा जेवताना त्यांनी ताट सरकवलं. "मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षं होतो," ते म्हणाले, "पण बाहेरच्या बाकावर कधी बसलो नव्हतो." रुक्मिणीबाईंनी ताट पुन्हा पुढं केलं.

फाल्गुनात हुकूम निघाला. सहापैकी चार झाडं मंजूर. सुंदररावांनी त्याची सुबक नक्कल काढून पाटोद्याच्या गाडीवानाबरोबर वाघदऱ्याला पाठवली. आश्रुबा तोवर काठी टेकत चालायला लागला होता आणि झाडावर मेहुणा चढत होता, असं गाडीवानानं परत आल्यावर सांगितलं. पाय थोडा वाकडाच बसला होता.

"आणि भिवराबाई? ती काही म्हणाली?"

"म्हनली ना," गाडीवान म्हणाला. "बाकीच्या दोन झाडांचं काय झालं, इचारलंय."

सुंदररावांनी कपाळाला हात लावला आणि मग दौतीचं झाकण उघडलं.