दुखलं तर सांगा

मेसेज : उपचाराआधी तासभर काही खाऊ नये. पाय धुऊन ठेवावेत.

ब्राह्मीताईंचा मेसेज सुनेनं, संयोगितानं, मोठ्यानं वाचला. नाथाजींनी तोवर पाय तीनदा धुतले होते.

"आबा, सालं काढताय का आता?"

मुलाशी, उदयशी, त्यांचं ठरलं होतं. पाय बरा झाला की विश्रामबागेतला हा फ्लॅट सोडून म्हसवडला. स्वतःच्या घरात, एकट्यानं. उदय म्हणाला होता, "चालताना चप्पल निसटलेली तुम्हाला कळत नाही. आधी ते बघू." डॉक्टरला आबांची ना. म्हणून ही घरी येऊन तळवे दाबणारी बाई.

मेसेज : पहिल्या वेळी संकोच वाटेल. तो जाईल.

गेला नाही. ब्राह्मी खाली बसली, मांडीवर टॉवेल अंथरून तिनं त्यांचा डावा पाय घेतला. नाथाजींनी घाईघाईनं तिलाच हात जोडले.

"अहो आबा, मला पाप लागेल!"

"लेकीएवढी तू, माझं पाय धरतीस. पाप मला लागतंय."

मेसेज : दाब सोसेल एवढाच असतो. दुखलं तर सांगा.

"इथं?"

"न्हाई."

"इथं?"

"ठीक हाय."

बावीस वर्षं पलटणीत त्यांनी मेडिकलला हेच उत्तर दिलं होतं.

मेसेज : काहींना जुनं काही आठवतं.

रजेवर आलं की दुपारी ओसरीवर बायको, मनुबाई, काशाची वाटी घेऊन बसायची. तळव्याला तूप, त्यावर वाटी गोल गोल. तूप काळं व्हायचं. "बघा, किती आग निघाली!" दुखतंय का, विचारायची. ते न्हाई म्हणायचे. ती हसायची. "आवं, तोंड खोटं बोलतंय. अंगठा वाकला की तुमचा!"

ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून या पायांना कुणाचा हात लागला नव्हता.

मेसेज : डोळे मिटून शांत पडावं.

"आबा, कुठलं बोट धरलंय मी?"

"करंगळी."

"आता?"

"अंगठा."

"आता?"

"मधलं."

"मी हात मघाशीच काढून घेतलेत, आबा."

त्यांनी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात टॉवेलवर होते.

(पुढचं मेसेजमध्ये नाही.)

"शुगर आहे?"

"न्हाई," नाथाजी म्हणाले.

"आहे," दारातून संयोगिता म्हणाली.

"मग हे माझ्या हातातलं काम नाही. आधी डॉक्टर." ब्राह्मी त्यांचे पाय पुसू लागली.

संयोगिता चहा टाकायला आत गेली. नाथाजी खाली वाकले. "पोरी, उदयला एवढंच म्हण, फरक पडला. मला घरी जायचंय गं."

"म्हणते. आणि तिकडं बाभळीचा काटा मोडला पायात, तर तुम्हाला कधी कळणार?"

ते तळव्याकडं बघत राहिले. ती पुसत होती, ते नुसतं दिसत होतं.

"न्हाई कळायचं," ते म्हणाले.

मग सुनेला हाक मारली, फोन लावायला सांगितला.

"उदय, डॉक्टरची येळ घे. डावा पाय मला कळंना झालाय... व्हय, लय दिवस झालं. आन ऐक. म्हसवडच्या घराची किल्ली शेजारच्या धुळाकडंच ऱ्हाऊ दे. अधनंमधनं झाडून काढत जा म्हणावं."